पाठीवरचं आणि माळ्यावरचं

मागच्या वर्षी दशलक्षण पर्व संपून पंधरा दिवस झाले होते. काचीगुड्याच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, सतरंजीवर दोन पाठपिशव्या आडव्या पडल्या होत्या. एक निळी, एक करडी. त्यांच्या भोवती कपड्यांच्या गुंडाळ्या, चार्जर, औषधांच्या पट्ट्या, दोन ताटल्या, एक छोटी कात्री. लेक आणि जावई दोघंही गच्चीबावलीची नोकरी सोडून वर्षभरासाठी देशोदेशी हिंडायला निघाले होते. आधी व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड, मग जॉर्जिया, तुर्कस्तान, आणि पुढचं पुढे. वर्षाचा प्रवास आणि सामान किती, तर माणशी सात किलो! बऱ्याच स्वस्त विमान कंपन्या हातात तेवढंच नेऊ देतात, त्यावर गेलं की पैसे मोजा.

बेगम बाजारातून आणलेला हुकाचा वजनकाटा जावई उचलून धरायचे आणि लेक आकडा वाचायची. सात किलो तीनशे. मग एक टी-शर्ट बाहेर. सात किलो शंभर. मग शांपूची बाटली बाहेर, त्याजागी साबणाची वडी. मी दारात उभी राहून बघत होते. माझा चेहरा बघून लेक म्हणाली, "आई, तू दर वर्षी आकिंचन्याच्या दिवशी मंडळात बोलतेस ना? हे बघ. तीन जोडी कपडे, एक चप्पल, एक बूट. वर्षभर! हाच की तुझा अपरिग्रह."

मला उत्तर सुचलं नाही. आधी तर बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पोरीने ऐकलेलं वाया गेलं नाही म्हणायचं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो शब्द टोचायला लागला. सात किलो म्हणजे अपरिग्रह? मग काट्यावरच धर्म मोजता आला असता की!

मैत्रिणींनो, मला माझ्या सासूबाई आठवल्या. लग्न होऊन मी लातूरहून या घरात आले त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही सगळे शिखरजीला गेलो. सासूबाईंचं सामान बघून हमालसुद्धा दोन पावलं मागे सरकला होता. एक होल्डॉल, एक लोखंडी ट्रंक, एक घासलेटचा स्टोव्ह, पितळेची बरणी, घरी दळलेलं पीठ, तुपाचा डबा, मेतकूट, दशम्यांचं बोचकं आणि पाणी गाळायचे चार छन्ने. का? तर त्या बाहेरचं खात नसत, न गाळलेलं पाणी पीत नसत, आणि सूर्य मावळायच्या आत जेवण झालंच पाहिजे. रेल्वे कुठे थांबेल, कुठे नाही, याचा भरवसा नाही. म्हणून अख्खं स्वयंपाकघर बरोबर. त्या स्टोव्हची पिशवी मांडीवर घेऊन मी पारसनाथ स्टेशनपर्यंत बसले होते. मनात चिडचिड होत होती की एवढा पसारा घेऊन कसली तीर्थयात्रा!

आज कळतं की तो पसारा हावेचा नव्हता. त्यांच्या नियमाचं वजन होतं ते. आणि माझ्या लेकीची पिशवी हलकी का? तर ती हनोईत, इस्तंबूलमध्ये जिथे जे शाकाहारी म्हणून पुढ्यात येईल ते खाणार, कांदा-लसूण बघणार नाही, रात्री दहाला जेवणार. नियम जितके गळले तितकं ओझं गळलं. तिला दोष देत नाही मी. पण सासूबाईंचं चाळीस किलो आणि हिचं सात किलो शेजारी ठेवून 'हिचा परिग्रह कमी' असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

आणखी एक गोष्ट त्याच यात्रेतली. सगळं सामान खाली धर्मशाळेत ठेवून आम्ही पहाटे दोन-अडीचला डोंगर चढायला लागलो. जाऊन-येऊन सत्तावीस किलोमीटर. सासूबाई अनवाणी, उपाशी, हातात काठी आणि पदराच्या गाठीत टोकांवर चढवायला तांदूळ-बदाम. बस्स. खाली एवढा संसार मांडून आलेली बाई वर एकदाही म्हणाली नाही की कुलूप नीट लावलं का, ट्रंकेला कोणी हात तर लावणार नाही ना. मी मात्र दर टोकावर माझ्या नव्या चपलांचा विचार करत होते. त्या खाली ठेवल्या होत्या.

आपल्याकडे परिग्रहाची ओळख वस्तूंवरून करून दिलेलीच नाही. तत्त्वार्थसूत्रात ती मूर्च्छेवरून करून दिली आहे. मूर्च्छा म्हणजे वस्तूच्या ठायी शुद्ध हरपणं, 'हे माझं' या भावाने जीव तिथे अडकून राहणं. बाह्य परिग्रह दहा सांगितले, शेत, घर, सोनं, धान्य वगैरे. आणि अंतरंग परिग्रह चौदा. म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्यापेक्षा न दिसणाराच जास्त. चौदा खणांची ती पिशवी कोणत्या काट्यावर मोजायची?

आणि श्रावकाला तर सगळं सोडायला सांगितलेलंही नाही. त्याला परिग्रहाचं परिमाण करायला सांगितलंय. आपली गरज ओळखून आपणच एक रेघ ओढायची आणि त्यापलीकडे जायचं नाही. इथे 'आपणच' या शब्दाला फार महत्त्व आहे. विमान कंपनीने ओढलेली सात किलोंची रेघ म्हणजे व्रत नव्हे, ती दरपत्रकातली अट. उद्या त्यांनी दहा किलो केले की आपण तीन किलो जास्त कोंबणार. आमच्या नाक्यावर फुटपाथवर झोपणाऱ्या बाईचं सगळं एका बोचक्यात मावतं. तिला आपण अपरिग्रही म्हणतो का? तिला कोणी विचारलंच नाही.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी लेकीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग मी जरा जास्तच बोलले. म्हटलं, "आणि तुझे ते सहा खोके?"

हौ, खोके. त्यांनी भाड्याचा फ्लॅट सोडला तेव्हा त्यातलं निम्मं विकलं आणि उरलेलं सहा खोक्यांत भरून माझ्या मागच्या खोलीत आणून ठेवलं. मिक्सर, भिंतीवरची चित्रं, पुस्तकं, लग्नातले शालू, सूट, बूट, कसली कसली यंत्रं. माझ्या जपाची पाटी ठेवायला जागा राहिली नाही. आम्ही दोघं आडवं होऊन त्या खोलीतून जायचो. मी म्हटलं, "तुमचं ओझं कमी झालेलं नाही, बाई. ते माझ्या घरात सरकलंय. आणि खिशातल्या कार्डाचं वजन कुठल्या काट्यावर घेतलंस? टी-शर्ट नाही नेला तर तिथे विकत घेता येतो, म्हणून तर तो इथे ठेवता येतो."

ती काही बोलली नाही. नुसतं मान वर करून माळ्याकडे बघितलं.

आमच्या माळ्यावर काय आहे ते मी तुम्हाला सांगायलाच हवं, नाहीतर हा लेख खोटा होईल. तिथे सासूबाईंची ती ट्रंक आहे. माझ्या लग्नातली एकावन्न स्टीलची भांडी आहेत, त्यांतली तीसेक मी एकदाही वापरलेली नाहीत. लेकीच्या लहानपणच्या दुपट्यांचं गाठोडं आहे. बंद पडलेला शिलाई मशीनचा पाय आहे. अकरा वर्षं आकिंचन्यावर बोलणाऱ्या बाईचा तो माळा!

त्या दिवशी आमचं दोघींचं बोलणं तिथेच तुटलं. दोन दिवस घरात फक्त 'जेवायला चला' एवढंच मराठी चाललं.

त्या दोन दिवसांत मी एका गोष्टीचा पुष्कळ विचार केला. जगात सगळ्यांत हलका प्रवास कोणाचा? आपल्या दिगंबर मुनींचा. मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि एखादं शास्त्र. अंगावर धागासुद्धा नाही. आर्यिका माताजी असतील तर एक पांढरी साडी. दिवसातून एकदाच आहार, तोही उभ्याने, हाताच्या ओंजळीत. पण मी विहारात चाललेय, आणि मागच्या टेम्पोत बसलेय. तुमच्यापैकी पुष्कळजणी बसल्या असतील. त्या टेम्पोत काय असतं? चौक्याचं सामान. घरचं पीठ, गाळलेलं पाणी, शेगडी, पातेली, पोळपाट-लाटणं, सोवळ्याचे कपडे. संघ पुढे चालतो, आणि पुढच्या गावात आपण आधी पोचून, जागा धुवून, चौका मांडतो. एका माणसाने सगळं सोडावं म्हणून दहा बायका पहाटे तीनला उठून सगळं वाहतात.

हे मी टीका म्हणून लिहीत नाहीये. तो टेम्पो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत आनंदाचा प्रवास होता. पण मला दोन गोष्टी दिसल्या. एक, की हलकेपण कधी एकट्याचं नसतं. कोणीतरी खाली हात लावलेला असतो. आणि दुसरी, की मुनी त्या हातावर हक्क सांगत नाहीत. ते मनात एक विधी धरून निघतात, तो जुळला तर आहार, नाही तर आलेल्या पावली परत, आणि तोंडावर रेषा हलत नाही. आम्ही दहाजणी मांडलेला चौका एकदा तसाच राहिला होता. आम्ही रडलो. महाराज सामायिकाला बसले होते. न मिळाल्यास चालवून घ्यायची तयारी, त्या हलकेपणात तीही होती. कार्ड घेऊन निघणाऱ्याला ती लागत नाही.

अगदी आपल्या काळातला एक दाखला आहे. सतीश कुमार. राजस्थानातल्या श्रीडुंगरगढचे, नवव्या वर्षी तेरापंथाची दीक्षा घेतलेले, अठराव्या वर्षी ती सोडून विनोबांकडे आलेले. १९६२ साली ते आणि त्यांचे मित्र ई. पी. मेनन अणुबॉम्बच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनला निघाले. बहुतेक वाट पायी, समुद्र आला तिथे बोट. विनोबांनी त्यांना सांगितलं की पैसे बरोबर घेऊ नका. आणि त्यांनी घेतले नाहीत! पैसे नाहीत म्हणजे रोज संध्याकाळी कोणाच्या तरी दारात उभं राहणं आलं, कधी उपाशी झोपणं आलं. वाटेत सोव्हिएत जॉर्जियात चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी त्यांना चहाची चार पाकिटं दिली. चार देशांच्या नेत्यांना एकेक द्या, आणि बटण दाबायचा विचार मनात आला तर आधी एक कप चहा करून प्या असं सांगा, म्हणाल्या. ज्यांनी खिशात नाणं ठेवलं नाही त्यांनी ती पाकिटं अर्ध्या जगातून सांभाळून नेली. स्वतःचं काही नाही, पण दुसऱ्याने विश्वासाने दिलेलं नेलं. ते ओझं होतं का? मला वाटतं, ते होतं. पण परिग्रह नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीच बोलले. पण खोक्यांबद्दल नाही. मी दोन्ही पिशव्या उचलून बघत होते. दोन्ही बरोबर सात-सात किलो. जावई म्हणाले, "आई, एकदम बराबर वाटून घेतलंय. फिफ्टी-फिफ्टी." मी म्हटलं, "जावईबापू, तुमचं वजन किती?" म्हणाले, चौऱ्याहत्तर. लेकीचं अठ्ठेचाळीस. म्हणजे हिने अंगाच्या सातव्या हिश्श्याएवढं उचलायचं आणि त्यांनी दहाव्या. ही कसली बरोबरी? शिवाय औषधं, साबण, सुई-दोरा, टॉवेल, कागदपत्रांच्या प्रती, दोघांना लागणारं सगळं निळ्या पिशवीत, म्हणजे लेकीच्या. करड्या पिशवीत जावयांचा कॅमेरा आणि त्याच्या दोन भिंगा. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं हो. दोघंही शिकलेली, समजूतदार. पण 'सामाईक' म्हटलं की ते आपोआप बाईच्या पिशवीत जातं. स्टोव्ह माझ्या मांडीवर आला होता तसंच. तो कोणी माझ्यावर लादला नव्हता. माझी मांडी तिथे होती, एवढंच.

जावई ओशाळले, पण लगेच खाली बसले. पुन्हा सगळं काढलं. विमानात सात-सात, कारण तिथे इलाज नाही. उतरल्यावर त्यांच्याकडे साडेआठ, हिच्याकडे साडेपाच. औषधं आणि कागद त्यांच्याकडे. जड वस्तू पाठीला चिकटून मधोमध ठेवायच्या आणि कमरेचा पट्टा घट्ट बांधायचा, म्हणजे भार खांद्यावर न येता कमरेवर येतो, हे त्यांनीच मला शिकवलं. काढता काढता एक भिंग त्यांनी आपणहून बाजूला ठेवली. "याची गरज नाही, आई. हौस आहे." त्या क्षणी मात्र मला वाटलं, हे परिमाण. कोणी सांगितलं नाही, काट्यानेही नाही.

मग खोके उघडले. मी म्हटलं, तुम्ही खोके उघडा, मी माळा उघडते. रविवार सगळा त्यात गेला. सहाचे दोन खोके झाले. मिक्सर आमच्या कामवालीच्या घरी गेला, पुस्तकं ओळखीच्या मुलांकडे. माझी भांडी देताना हात थरथरला, हे कबूल करते. त्यांवर माझ्या आईचं नाव घातलेलं होतं. एक तांब्या ठेवून घेतला, बाकीची मंदिराच्या भोजनशाळेत दिली. सासूबाईंची ट्रंक दिली नाही. ती माझी मूर्च्छा, अजून उतरायचीय.

उरलेले दोन खोके लेकीने उचलले नाहीत. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हे दोन ठेवशील का? नको म्हणालीस तरी चालेल, आम्ही बघू." पहिले सहा आणले तेव्हा तिने विचारलं नव्हतं. मीही काही बोलले नव्हते, नुसती मनातून धुमसत होते. विचारल्यावर मला त्या खोक्यांचं काही वाटेना. ठेव म्हटलं. तेच खोके, तीच खोली.

म्हणून मंडळात कोणी मला विचारलं की मुलं एवढंसंच सामान घेऊन जातात, हा अपरिग्रह का, तर मी आता किलो विचारत नाही. मी विचारते, तुम्ही जे खाली ठेवलं ते कोणी उचललं? त्याला विचारलं होतं का? आणि ते त्याने उचललं नाही, तर तुम्ही हसून चालायला लागाल का? हे प्रश्न फक्त प्रवासाला निघालेल्यांना नाहीत. घरात बसून 'माझी काही मागणी नाही' म्हणणाऱ्या बाप्यांनाही आहेत, आणि सगळ्यांचं सगळं मुकाट्याने उचलून नंतर धुमसत बसणाऱ्या माझ्यासारख्या बायांनाही.

जायच्या दिवशी आम्ही त्यांना शमशाबादला सोडायला गेलो. वाटेत आरामघरच्या आसपास यांनी बोट दाखवलं, "ते बघ, शिवरामपल्ली तिकडे." १९५१ साली सर्वोदय संमेलनासाठी विनोबा पवनारहून इथे चालत आले होते, महिनाभर, तीनशेच्या आसपास मैल. इथूनच पुढे तेलंगणात निघाले आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदान सुरू झालं. गावातल्या हरिजनांनी ऐंशी एकर मागितले आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर देऊ केले. रिकाम्या हाताने आलेला माणूस. लोकांनी द्यायला सुरुवात केली. जावई मागे वळून बघत राहिले. लेक म्हणाली, "एवढ्या वेळा या रस्त्याने गेलो, कोणी सांगितलं नाही."

एक चूक सांगायची राहिली. आदल्या रात्री मी निळ्या पिशवीच्या तळाशी मेतकुटाची पुडी आणि एक छन्ना गुपचूप सरकवला होता. विचारायचं मीच शिकवलं आणि न विचारता मीच घातलं! विमानतळाच्या काट्यावर निळी पिशवी सात किलो दोनशे भरली. लेकीने तिथेच खाली बसून तळापर्यंत हात घातला आणि दोन्ही वस्तू वर काढल्या. माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

मेतकूट तिने माझ्या हातात परत दिलं. छन्ना नाकाशी नेला. तो सासूबाईंच्या ट्रंकेतला होता. मग चौघडी करून खिशात ठेवला. म्हणाली, "हा नेते. पाणी गाळीनच असं म्हणत नाही, आई."

"नको म्हणूस," मी म्हटलं.